गाडीच्या एसीचा स्ट्रेच बेल्ट घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या गाड्यांमध्ये एसीच्या कॉम्प्रेसरला वेगळा, छोटा बेल्ट असतो आणि तो ताणायला कुठलाही बोल्ट किंवा टेन्शनर नसतो, त्यांच्या मालकांसाठी हे पान आहे. एप्रिल लागला की पुण्यात एसीच्या कामाला गॅरेजवाल्याची वेळ मिळणं अवघड होतं, आणि हे काम तर हाताला थोडी सवय असलेल्या माणसाला सोसायटीच्या पार्किंगमध्येही जमतं. मात्र पार्किंग सपाट हवं.

स्ट्रेच बेल्ट म्हणजे नेमकं काय? साध्या बेल्टपेक्षा वेगळं काय आहे त्यात?

साध्या बेल्टच्या आत पॉलिएस्टरचे किंवा अरामिडचे दोरे असतात आणि ते जवळजवळ ताणले जात नाहीत. म्हणून अल्टरनेटर मागे सरकवून किंवा स्प्रिंगच्या टेन्शनरने त्या बेल्टला ताण द्यावा लागतो. स्ट्रेच बेल्टमधले दोरे पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीचे असतात. हा बेल्ट पुल्यांभोवतीच्या मार्गापेक्षा मुद्दामच थोडा आखूड बनवतात आणि ताणून चढवतात. पुढे आयुष्यभर स्वतःचा ताण तो स्वतःच धरून ठेवतो. एक नाडीचा पायजमा, दुसरा इलॅस्टिकचा, एवढाच फरक.

कंपनीचा यात टेन्शनर वाचतो, ब्रॅकेट वाचतं आणि वजनही. आपली पंचाईत अशी की ढिलं करायला काहीच नसतं, त्यामुळे बेल्ट काढायची आणि चढवायची रीत वेगळी आहे. बाकी सगळं काम नेहमीचंच.

माझ्या गाडीत हाच बेल्ट आहे हे कसं ओळखायचं?

टॉर्च घ्या आणि बेल्टचा मार्ग डोळ्यांनी पूर्ण फिरून या. क्रँक पुली, म्हणजे इंजिन स्वतः फिरवतं ती, आणि कॉम्प्रेसरची पुली अशा दोनच पुल्या आहेत, दोन्ही जागच्या जागी घट्ट आहेत, कुठे लांबट खाच नाही, स्प्रिंगचा हात नाही, तर तो बहुतेक स्ट्रेच बेल्टच. फोर्डच्या अनेक इंजिनांवर हा प्रकार आहे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे हे प्रश्न विचारणाऱ्यांत फोर्डवाले बरेच असतात.

गाडीच्या नावावरून मात्र ठरवू नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत बेल्टची मांडणी अगदी वेगळी असू शकते. अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि एसी मिळून एकच लांब बेल्ट असेल आणि त्याला टेन्शनर असेल, तर हे पान तुमच्या कामाचं नाही.

बेल्टवरचा नंबर कसा वाचायचा?

समजा ४पीके८५५ असं लिहिलं आहे. पहिला आकडा रिबचा, म्हणजे बेल्टच्या आतल्या बाजूला लांबीने जाणाऱ्या धारा चार. पीके हा धारांचा ठरलेला आकार आहे, त्यात दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं. म्हणजे चार रिबचा बेल्ट साधारण १४ मिलिमीटर रुंद आणि सहा रिबचा २१. शेवटचा आकडा मिलिमीटरमधल्या लांबीचा.

पण एवढ्यावर दुकानातून बेल्ट उचलू नका. याच मापाचा साधा बेल्टही मिळतो आणि तो दिसायला हुबेहूब असतो. तो ताणला जात नाही, त्यामुळे एकतर चढतच नाही, नाहीतर जबरदस्तीने चढवल्यावर आतले दोरे तुटतात आणि कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवर नको तेवढा भार येतो. थोडा मोठा घेतला तर चढतो, पण घसरतो. पाकिटावर इलास्ट, स्ट्रेच फिट असा स्पष्ट उल्लेख हवा. दुकानदार ‘सेमच आहे साहेब’ म्हणाला तरी पाकीट वाचा.

पुण्यात कुठे मिळेल?

गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ. जाताना आरसी बुकावरचा चासी नंबर घेऊन जा आणि जुन्या बेल्टवरचा नंबर पुसला गेला नसेल तर त्याचा फोटोही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून मिळतो. तो आधी घ्या आणि मग पेठेत भाव विचारा, असा क्रम ठेवला तर चुकीचा बेल्ट घरी येत नाही. काही कंपन्यांच्या पाकिटात बेल्टबरोबर चढवण्याचं छोटं टूलही येतं. तसं पाकीट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

हत्यारं लागत असतील तर रविवार पेठेतली बोहरी आळी आहे. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातही सॉकेट, रॅचेट मिळतात. पण जॅक आणि स्टँड तिथून सेकंडहँड घेऊ नका. ज्या वस्तूच्या भरवशावर गाडी उभी राहणार आहे, ती नवी असू द्या.

एसी गार करत नाही. दोष बेल्टचाच असेल का?

आधी बघा, मग बेल्ट विकत घ्या. इंजिन चालू करा, एसी लावा आणि बाजूला उभं राहून, हात आणि ओढणी-उपरणं दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या पुलीकडे पाहा. बेल्ट फिरतोय, पुलीही फिरतेय, पण क्लच (एसी लावला की कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा भाग) असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये पुलीच्या पुढची चकती जागची हलत नाही, तर दोष क्लच, रिले, फ्यूज किंवा कमी झालेल्या गॅसचा. बेल्टच जागेवर नसेल, किंवा चकती पकडते त्या क्षणी किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर बेल्टकडे वळा.

बेल्ट बदलण्याआधी तो का गेला हे शोधणं जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक जण सोडून देतात. जुना बेल्ट कापल्यावर कॉम्प्रेसरची पुली हाताने फिरवून पाहा. ती गुळगुळीत, आवाज न करता फिरायला हवी. खरखर लागत असेल किंवा पुली डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलं आहे, आणि त्यावर चढवलेला नवा बेल्टही तसाच जाईल. क्लचची पुढची चकती हाताने फिरवल्यावर मुळीच हलत नसेल तर कॉम्प्रेसर जाम झाला असण्याची शक्यता आहे. मग नवा बेल्ट पाकिटातच ठेवा.

आजूबाजूला तेल दिसलं तर ते कुठून येतंय तेही पाहा. आजचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. उष्णता ते उत्तम सोसतात, पण इंजिन ऑइलने फुगतात आणि मऊ पडतात. आणि उंदीर! पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांचा मुक्काम असतोच. बेल्टची कड कुरतडल्यासारखी दिसली तर शेजारच्या वायरीही तपासा.

बेल्टला भेगा नाहीत. म्हणजे तो चांगला आहे ना?

तसं नाही. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या, म्हणून भेगा बघायची सवय लागली. ईपीडीएमला भेगा फार उशिरा पडतात. तो टायरसारखा झिजतो: रिबमधल्या खाचा रुंद आणि खोल होतात, बेल्ट पुलीत आणखी आत बसतो आणि घसरायला लागतो. नव्या बेल्टशेजारी जुना ठेवला की फरक लगेच दिसतो. कडेचे दोरे सुटलेले, एखादी रिब तुटलेली, रिबवर आरशासारखी चकाकी, यातलं काहीही दिसलं तर बेल्ट बदला.

पाणी मारून बेल्टचा दोष कळतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि फुकट आहे. इंजिन आयडलला चालू असताना, लांबूनच, बेल्टच्या रिबच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज थांबला आणि पाणी वाळल्यावर पुन्हा सुरू झाला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला, तर ताण कमी पडतोय आणि बेल्ट घसरतोय. स्ट्रेच बेल्टचा ताण वाढवता येत नाही, म्हणून दुसऱ्या निकालाचा अर्थ बेल्ट झिजला किंवा चुकीच्या मापाचा आहे. पाण्याऐवजी बाजारात मिळणारा ‘बेल्ट ड्रेसिंग’ स्प्रे मारू नका. आवाज काही दिवस दबतो आणि धूळ चिकटून खाचा भरतात.

किती किलोमीटरला बदलायचा?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा वरची मर्यादा समजा. पुण्यात किलोमीटरचा हिशोब फसवा असतो. संध्याकाळी हिंजवडीहून निघून एक तास रांगेत काढला तर मीटरवर जेमतेम काही किलोमीटर वाढतात, पण ८०० आरपीएमच्या आयडलला क्रँक पुली त्या तासात ४८,००० फेरे मारते, आणि एसी लावलेला असतो म्हणून पूर्ण भाराखाली. महामार्गावरच्या आणि शहरातल्या गाडीचा मीटर सारखा असला तरी बेल्टचं वय सारखं नसतं. म्हणून दर सर्व्हिसिंगला टॉर्च मारून बेल्ट पाहणं जास्त भरवशाचं.

रस्त्यात बेल्ट तुटला तर गाडी चालवायची का?

तो बेल्ट फक्त कॉम्प्रेसरच फिरवत असेल तर गाडी चालते, एसी चालत नाही. पण आधी थांबून, इंजिन बंद करून, तुटलेले तुकडे आणि दोरे बाहेर काढा. लोंबणारा तुकडा शेजारच्या बेल्टमध्ये किंवा क्रँक पुलीमागे ओढला गेला तर छोट्या कामाचं मोठं बिल होतं. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर असेल तर मात्र टो करूनच न्या.

पावसाळ्यात याला आणखी एक बाजू आहे. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात धो धो पाऊस असताना समोरची काच आतून धुरकट होते, आणि ती झटपट साफ होते ती एसीमुळेच, कारण एसी आतल्या हवेतली ओल काढतो. एसी नसताना घाटात शिरू नका. शहरात काचा थोड्या खाली ठेवून आणि ब्लोअर काचेवर सोडून भागवता येतं.

बेल्ट बदलायला एसीचा गॅस काढावा लागतो का?

नाही. गॅसच्या पाइपांना हातही लावायचा नाही. बेल्टच्या बिलात कोणी गॅस भरण्याचे पैसे लावत असेल तर का, ते विचारा.

काय काय लागेल?

जॅक, दोन स्टँड, चाकाचा पाना, १० मिलिमीटरचा सॉकेट, क्रँक पुलीच्या मधोमध असलेल्या क्रँक बोल्टला बसणारा सॉकेट, लांब दांड्याचा रॅचेट, कटर, हातमोजे, टॉर्च, आणि चढवण्याचं टूल किंवा जाड, रुंद केबल टाय. क्रँक बोल्टचं माप गाडीगणिक बदलतं, ते आधीच पाहून ठेवा. चाक काढून झाल्यावर सॉकेट नाही हे लक्षात येणं फार वाईट. चाकाआड असणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरच्या दोन-चार जास्तीच्या क्लिपाही आणा. काढताना एखादी तुटतेच.

पार्किंगमध्ये गाडी उचलताना काय सांभाळायचं?

बेसमेंटच्या उतारावर हे काम नकोच. सपाट, कडक जमीन हवी. पेव्हर ब्लॉक खचलेले असतील तर जॅकखाली जाड फळी ठेवा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, उन्हाळ्यात त्याला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावलेल्या. किल्ली खिशात, आणि बटणाची गाडी असेल तर किल्ली घरात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि मग उचला. उचलली की लगेच मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावा. जॅक उचलण्यापुरताच, तो धरून ठेवायला नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली रचून स्टँडचं काम भागवू नका, ते भाराखाली अचानक फुटतात. काढलेलं चाक दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. आणि मुलं खेळत असतील तर तेवढा वेळ त्यांना दुसरीकडे पाठवा.

जुना बेल्ट कसा काढायचा?

कापून. कटरची धार पुलीला आणि स्वतःला लागणार नाही अशा जागी, दोन पुल्यांच्या मधल्या मोकळ्या भागावर चालवा. ताण असल्यामुळे शेवटचा दोरा तुटताना बेल्ट सटकतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा. मग दोन्ही पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करा. तिथे बारीक खडी आणि वाळलेला चिखल बसलेला असतो, आणि एक खडा नवा बेल्ट रेषेबाहेर ढकलायला पुरेसा आहे. पेट्रोल, रॉकेल वापरू नका.

आणि नवा कसा चढवायचा?

आधी बेल्ट कॉम्प्रेसरच्या पुलीवर पूर्ण बसवा, प्रत्येक रिब तिच्या खाचेत. मग क्रँक पुलीच्या ज्या बाजूने बेल्ट पुलीवर येतो, त्या बाजूला जेवढा बसेल तेवढा हाताने बसवा. उरलेला भाग पुलीच्या कडेला तिरका राहील. राहू दे. टूल असेल तर ते त्या कडेला, पाकिटावरच्या चित्राप्रमाणे लावा.

टूल नसेल आणि क्रँक पुलीला आरपार भोकं असतील, तर बेल्ट खाचांत नीट बसलेला आहे तिथे, तिरक्या भागाच्या अगदी जवळ, भोकातून केबल टाय घालून बेल्ट पुलीला घट्ट बांधा. टायचं गाठीचं डोकं कुठे अडणार नाही असं वळवा. पुली भरीव असेल तर केबल टायची युक्ती चालत नाही, टूल आणावंच लागतं.

आता सॉकेट क्रँक बोल्टवर बसवून इंजिन हाताने, सावकाश, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. पुलीसमोर उभं राहून पाहिलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. होंडाची काही जुनी इंजिनं याला अपवाद आहेत. उलट फिरवलं तर क्रँक बोल्ट सैल होऊ शकतो आणि टायमिंग बेल्टच्या गाडीत त्या बेल्टला झोल येऊ शकतो. फिरवताना इंजिन मधेच जड लागेल, ते सिलिंडरमधल्या दाबामुळे. डिझेलमध्ये जास्तच. जोर कायम ठेवून दाब ओसरू द्या, झटका देऊ नका.

पुली फिरते तसा बेल्ट ताणला जात कड ओलांडून खाचांत उतरतो. रॅचेट आणि बेल्ट दोन्हीकडे एकाच माणसाचं लक्ष असावं. एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने बोटाने बेल्ट ढकलायचा, ही जोडी बोटाच्या जिवावर उठते. बेल्ट बसला की, टाय पुली सोडण्याच्या जागी पोचायच्या आत थांबून तो कापून काढा. चाक आणि कव्हर काढण्यात पाऊण वेळ जातो, हा भाग मिनिटांचा आहे.

स्क्रू-ड्रायव्हर किंवा टॉमीने उचकटून चढवला तर? किंवा जरासा स्टार्टर मारला तर?

दोन्ही नको. टॉमीने बेल्ट चढतो, पण कडेचे दोरे तुटतात आणि पुलीच्या कडेला खोच पडते. बाहेरून काही दिसत नाही. काही महिन्यांनी बेल्ट कडेने उसवायला लागतो आणि माणूस बेल्टच्या कंपनीला शिव्या देतो. स्टार्टरला तर थांबवताच येत नाही: बेल्ट तिरका बसला तरी तो फिरवत राहतो, आणि तिथे कोणाचं बोट असलं तर बोटासकट.

चुकून एक खाच सोडून बसला. काढून परत लावू का?

पूर्ण ताणून चढलेला बेल्ट काढायचा म्हणजे कापायचा. तोच पुन्हा वापरू नका, तो तसा बनवलेलाच नाही. म्हणूनच फिरवण्याआधी रिब मोजा: दोन्ही पुल्यांवर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला रिकाम्या खाचा सारख्याच दिसायला हव्यात.

बसवल्यावर काय तपासायचं?

हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या आणि प्रत्येक रिब परत पाहा. सॉकेट, रॅचेट, टायचे तुकडे मोजून बाहेर काढा. मगच बॅटरी जोडा. एसी बंद ठेवून मिनिटभर इंजिन चालवा, मग एसी लावून ऐका. बंद करून पुन्हा एकदा बेल्ट पाहा, मग कव्हर आणि चाक लावा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचा ताण गाडी खाली आल्यावर. पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत तपासा. बॅटरी काढल्यामुळे पॉवर विंडोचं ऑटो बटण किंवा घड्याळ विसरलं असेल, ते मॅन्युअलप्रमाणे सेट होतं.

नवा बेल्ट पहिल्याच दिवशी चिमणीसारखा चिवचिवतोय.

वर सांगितलेली पाण्याची चाचणी करा. बहुतेकदा खाचेतला खडा, एक खाच सोडून बसलेला बेल्ट किंवा डुगडुगणारी पुली निघते. ‘नवा आहे, रुळेल’ म्हणून सोडू नका.

हे काम स्वतः कधी करू नये?

गाडी वॉरंटीत असेल तर. बेल्टपर्यंत पोचायला इंजिनचं माउंटिंग सोडवावं लागत असेल तर. क्रँक बोल्टवर सॉकेट नीट बसायला जागाच नसेल तर. आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, जशा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत कित्येक होत्या, तर बेल्टचा विचार खूप नंतरचा. तशी गाडी चालू न करता टो करून न्या.

कापलेल्या बेल्टचं काय करायचं?

नंबर पुसट असला तरी फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात उपयोगी पडतो. मग सुक्या कचऱ्यात. जाळू नका.

सगळं जोडलं, गाडी मस्त गार होतेय, पण कव्हरची एक क्लिप उरली. चालेल का?

नाही चालणार. ते कव्हर चाकाने उडवलेलं पाणी आणि खडी बेल्टपासून दूर ठेवतं, आणि सैल कोपरा वळण घेताना टायरला घासतो. तुटली असेल तर नाना पेठेत क्लिपा सुट्याही मिळतात, जुनी नमुन्याला न्या.